पानिपतावर आधी पीठ पोचवा

माझा नातू पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. दिवाळीत गावी आला तेव्हा त्यानं स्वतः लिहिलेली गोष्ट माझ्या हातात ठेवली. आजच्या भारतीय सैन्यातले पस्तीस जवान हरियाणात सरावाला गेलेत. पहाटे दाट धुकं उतरतं आणि ते विरतं तेव्हा समोर १४ जानेवारी १७६१ ची सकाळ असते. पानिपत. एका बाजूला भाऊसाहेब, दुसऱ्या बाजूला अब्दाली. जवानांकडे मशीनगन आहेत, दोन चिलखती गाड्या आहेत. दुपारपर्यंत अफगाण फौज यमुनेकडे पळत सुटते, पेशव्यांचे पुत्र विश्वासराव वाचतात, मराठे अटकेच्याही पुढे जातात.

गोष्ट चांगली लिहिली होती. धुक्याचं वर्णन वाचताना मला गारठा जाणवला. मी वही मिटली आणि त्याला एकच विचारलं, "ह्या पस्तीस पोरांनी सकाळी खाल्लं काय?"

"आबा, ते गोष्टीत महत्त्वाचं नाही," तो म्हणाला.

मी सैन्याच्या सर्व्हिस कोअरमध्ये अठ्ठावीस वर्षं काढली, त्यातली बहुतेक खेचरांच्या कंपनीत. सुभेदार होऊन घरी आलो. पीठ, डाळ, रॉकेल, दारूगोळा आणि टपाल डोंगरावरच्या चौक्यांना पोचवणं हे माझं काम. एका खेचराच्या पाठीवर साधारण सत्तर किलो बसतं, त्यापुढे लादलं तर पाठ फुटते आणि चार दिवसांनी ते सत्तरही जात नाही. १९९९ साली कारगिलच्या उंचावर अखेर खेचरंच कामी आली होती. त्यामुळे "ते महत्त्वाचं नाही" हे वाक्य मला झोपू देईना. पोराला मी रागावलो नाही. पण त्याच्यासारखं लिहिणारी बरीच मुलं आता आहेत, आणि त्यांनी एक गोष्ट ऐकावी असं मला मनापासून वाटतं.

आजची माणसं जुन्या लढाईत अडकतात, ही कल्पना मला पोरकट वाटत नाही. नातवानंच मला मोबाइलवर अशा पुस्तकांची आणि सिनेमांची माहिती काढून दिली, काही पुस्तकं मी चिकाटीनं वाचली, एक जपानी सिनेमा दोनदा पाहिला. र्यो हानमुरा या जपानी लेखकानं १९७१ साली एक कादंबरी लिहिली. त्यात जपानच्या आत्मरक्षा दलाची तुकडी रणगाड्यासकट सोळाव्या शतकातल्या यादवीत जाऊन पडते. १९७९ साली त्यावर सिनेमा निघाला. रणगाडा आहे, हेलिकॉप्टर आहे, समोर भाले-बाण घेतलेले सामुराई. पहिला अर्धा तास माझा नातू टाळ्या वाजवत होता. मी मात्र डिझेल मोजत होतो. आणि त्या सिनेमाची थोरवी ही, की तोही डिझेल मोजतो. ताकेदा शिंगेन या सरदाराच्या फौजेशी गाठ पडते तेव्हा एकेक वाहन निकामी होत जातं, गोळ्या संपतात, आणि शेवटी उरतात ती घरापासून चारशे वर्षं लांब असलेली थकलेली माणसं. ज्या दुसऱ्या सरदाराशी दोस्ती केली होती, त्याला आता त्यांचा उपयोग उरलेला नसतो. तोच त्यांचा शेवट करतो.

जपान्यांचीच दुसरी एक मोठी चित्रकथा आहे, काइजी कावागुचीची 'झिपांग'. त्यात आजची युद्धनौका १९४२ च्या मिडवेच्या लढाईत जाऊन पोचते. नौकेवर क्षेपणास्त्रं आहेत, पण सगळी उलथापालथ होते ती नौकेच्या वाचनालयामुळे. समुद्रातून वाचवलेला त्या काळचा एक नौदल अधिकारी तिथं बसून आपल्या देशाचं पुढं काय झालं ते वाचून काढतो. त्यानंतर तो कुणाचाच राहत नाही. क्षेपणास्त्रं मोजकीच असतात. वाचलेलं संपत नाही.

मला सगळ्यात भावलं ते एरिक फ्लिंटचं '१६३२'. हा लेखक स्वतः कारखान्यात मशीनवर काम केलेला, कामगार संघटनेतला माणूस. त्याच्या कादंबरीत अमेरिकेतलं कोळशाच्या खाणीचं एक गाव, साधारण तीन हजार वस्तीचं, उचलून १६३१ सालच्या जर्मनीत टाकलं जातं. तिथं तीस वर्षांचं युद्ध पेटलेलं आहे. गावात बंदुका भरपूर. तरी खाणकामगारांचा पुढारी पहिल्या काही दिवसांतच ओळखतो, की आपली यंत्रं झिजणार, सुटे भाग इथं मिळणार नाहीत. मग ते ठरवतात की चालू यंत्रं बंद पडायच्या आत त्यांच्या जिवावर जुनी, साधी, इथल्या लोहाराला दुरुस्त करता येतील अशी यंत्रं बनवायची. वरच्या गिअरमधून खालच्या गिअरमध्ये यायचं. घाट चढताना आमचे ड्रायव्हर हेच करायचे. चढावर गाडी बंद पडायची वाट बघत नाहीत, आधीच गिअर उतरवतात.

ह्याला मी शहाणपण म्हणतो, आणि हे शहाणपण मला माझ्या एका चुकीनं शिकवलं. एका हिवाळ्यात बर्फानं वाट बंद होण्याआधी एका चौकीचा साठा भरायचं काम माझ्याकडे होतं. चौदा माणसं, पाच महिने. पीठ, तांदूळ, डाळ, टिनातली भाजी, रॉकेल, सगळं मी दोनदा मोजलं. डिसेंबरात वायरलेसवर निरोप आला की स्टोव्हच्या पिना संपल्या. रॉकेलचे जेरीकॅन भिंतीला टेकून उभे, आणि स्टोव्हची भोकं काजळीनं बुजलेली. त्या उंचीवर कुकर आणि दणदणीत आच असल्याशिवाय डाळ शिजत नाही. पुढचे नऊ दिवस त्या पोरांनी शंकरपाळ्यांवर आणि अर्धवट वितळलेल्या बर्फाच्या पाण्यावर काढले. मग एकानं वायरलेसच्या तारेतला बारीक धागा काढून त्याची पिन केली. पिनांची मागणी माझ्या यादीतून राहून गेली होती, आणि ती खोट माझीच होती. आमच्या गावच्या बाजारात आठ आण्याला पुडी मिळायची.

म्हणून जुन्या काळात अडकलेल्या माणसाबद्दल वाचताना मी बघतो ती त्याच्या स्टोव्हची पिन. कुठली बारीकशी वस्तू त्याच्या गावात आठ आण्याला मिळते, आणि तिथं राज्य देऊनही मिळत नाही?

आता पानिपतावर येतो, कारण मराठी माणसाची ही कल्पना नेहमी तिथंच जाऊन पोचते. जयंत नारळीकरांनी 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही गोष्ट लिहिली तेव्हापासून आपल्याला विश्वासरावांना लागलेल्या गोळीचा ध्यास लागला. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे अशा जगात जाऊन पडतात जिथं ती गोळी विश्वासरावांना चाटून गेली, आणि मराठे जिंकले. गोष्ट थोर आहे. इंग्रजीतून ती अकरावीच्या पुस्तकातही आली, देशभरच्या मुलांनी वाचली. पण नीट बघा, गंगाधरपंत लढाईत जातच नाहीत. ते मुंबईच्या वाचनालयात बसून पुस्तकं चाळतात, आझाद मैदानावरच्या सभेत जातात. नारळीकरांना एक अगदी सूक्ष्म घटना हवी होती, जी अशीही घडू शकली असती आणि तशीही, कारण त्यांना त्यातून पुंजभौतिकी समजावून सांगायची होती. त्या कामाला गोळीच योग्य. त्यांच्यामागून लिहिणाऱ्यांनी मात्र विज्ञान सोडलं आणि गोळी तेवढी ठेवली. आता गोळीच्या जोडीला मशीनगन आली आहे.

पानिपत त्या गोळीमुळे दुपारी अडीच वाजता हरलं, असं मला कधी वाटलं नाही. ऑक्टोबरच्या मध्यावर मराठ्यांनी कुंजपुऱ्याचा किल्ला घेतला आणि तिथं धान्याचा मोठा साठा हाती लागला. त्याच महिन्याच्या अखेरीस अब्दाली बागपतजवळ यमुना उतरला आणि मराठे व दिल्ली यांच्या मधोमध येऊन बसला. नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून आपली छावणी पानिपतला अडकली, ती अडीच महिने. सुरुवातीला हाल दोन्हीकडे होते. मराठ्यांचा गोविंदपंत बुंदेले साठी उलटलेला माणूस, पण अंतर्वेदीत, म्हणजे गंगा-यमुनेच्या दुआबात फिरून त्यानं अब्दालीची रसद अशी तोडली की अफगाण छावणीत पीठ महागलं. डिसेंबरात अब्दालीच्या अताईखानाच्या स्वारांनी त्याला गाठून मारलं. त्या दिवसापासून तराजू फिरला. पुढे दिल्लीहून मराठ्यांचा कारभारी नारो शंकर यानं पाठवलेला खजिना घेऊन येणारे स्वार रात्री वाट चुकले आणि अब्दालीच्याच छावणीत शिरले, मराठीत बोलले आणि कापले गेले. चारा-सरपण आणायला रात्री बाहेर पडलेली हजारो माणसं एका रात्रीत मारली गेली, असं अब्दालीच्या बाजूच्या शुजाउद्दौलाच्या पदरी असलेला काशीराज पंडित लिहितो. त्यानं ते दिवस डोळ्यांनी पाहिले होते. तोच सांगतो की शेवटी सरदार भाऊसाहेबांपुढे जाऊन म्हणाले, दोन दिवस पोटात अन्न नाही, उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू.

गोष्ट वाचली त्याच रात्री मी नातवाला वही काढायला सांगितली आणि आम्ही हिशेब मांडला. आकडे मुद्दाम कमी धरले. छावणीत लढणारे आणि न लढणारे मिळून एक लाख माणूस. माणशी अर्धा किलो धान्य, म्हणजे नुसतं तगून राहण्यापुरतं. दिवसाला पन्नास टन. पंचाहत्तर दिवसांचे पावणेचार हजार टन. त्यात घोडे, बैल, उंट, हत्ती धरलेले नाहीत. घोडा माणसापेक्षा कितीतरी जास्त खातो आणि त्याला उपाशी ठेवून त्याच्यावर बसता येत नाही. तोफा ओढणारे बैल खंगले की मराठ्यांच्या इब्राहिमखान गारद्याची तोफ कितीही चांगली असो, जिथं आहे तिथंच राहते.

"मग आबा, माझ्या जवानांना ट्रक देतो," नातू म्हणाला. दे. पाच टन नेणारे दहा ट्रक. दिल्ली ते पानिपत नव्वद किलोमीटर, येऊन-जाऊन एकशे ऐंशी. लिटरला चार किलोमीटर धरले तर रोजचं साडेचारशे लिटर डिझेल. सरावाला निघालेल्या तुकडीकडे दोनशे लिटरची दहा पिंपं आहेत असं उदार मनानं धरलं, तरी चार दिवस. आणि त्या काळी डांबरी रस्ता नाही, चिखलातून, ओढ्यातून गाडी निम्मंच अंतर देते. म्हणजे दोन दिवस. तेही दिल्लीत धान्य मिळालं आणि वाटेत अब्दाली झोपला होता असं धरून. गोळ्यांचंही तसंच. जवान अंगावर शंभर-दीडशे गोळ्या घेऊन चालतो. पस्तीस जणांच्या मिळून चार-पाच हजार. तेवढ्या गोळ्यांनी एक दुपार जिंकता येईल. पंधरा जानेवारीला सकाळी एक लाख माणसं पुन्हा भाकरी मागणार आहेत.

नातू बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मग त्यांनी करायचं काय?"

हाच प्रश्न मला मराठी लेखकांच्या तोंडून ऐकायचा आहे, कारण त्याचं उत्तर त्या छावणीतच बसलेलं होतं. पानिपतच्या पराभवाचं खापर आपण पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या माथी फोडलं त्यांच्यात. बाजारबुणगे. हा शब्द आपण आजही कुचकामी माणसांसाठी वापरतो. छावणीत यात्रेकरू होते, कुटुंबं होती, हे खरं. पण बाकीचे कोण होते? वाणी, भटारी, मोतद्दार, घासकापे, भिस्ती, नालबंद, सुतार, लोहार, तंबू ठोकणारे, आणि पाठीवर गोण्या लादलेल्या हजारो बैलांचे तांडे हाकणारे लमाण-वंजारी. त्या काळी फौजेला धान्य पोचवायचं ते ह्या तांड्यांनी. सरकारी रसद खातं असं वेगळं काही नव्हतं, हीच माणसं ते खातं होती. त्यांच्या हजेरीची वही नव्हती, पगार नव्हता, बखरीत नाव नाही. मेले तेव्हा किती मेले हेही नीट कुणी मोजलं नाही.

मी बाजारबुणगा होतो. खेचरांमागे चालणारा, पिठाच्या गोण्या मोजणारा. फरक इतकाच की माझ्या काळात मला गणवेश होता, हुद्दा होता, सेवापुस्तिकेत नाव होतं, चौकीवरचा कॅप्टन खाली उतरला की माझ्याशी हात मिळवायचा. आचारी, धोबी, न्हावी, सगळे पटावर. १७६१ आणि आज यांच्यामधलं खरं अंतर मला इथं दिसतं. रायफल काय, तेव्हाही बंदूक होतीच, जरा हळू चालायची. पण अन्न पोचवणारा माणूस हाही शिपाईच, त्याला मोजलं पाहिजे, त्याच्या संरक्षणाला तुकडी दिली पाहिजे, हे जगाला फार उशिरा कळलं. आजची माणसं जर पानिपतावर जाऊन पडली, तर त्यांच्याजवळ तिथं न संपणारी एकच गोष्ट असेल, ती म्हणजे ही समज.

त्यासाठी त्यांनी नोव्हेंबरात पोचायला हवं, जानेवारीत नाही. पहिल्या दिवशी त्यांनी वही काढावी आणि छावणी मोजावी. कोण लढतो, कोण दळतो, कोण लादतो, कोण फक्त खातो. स्प्रेग द कॅम्प या अमेरिकन लेखकाच्या कादंबरीत सहाव्या शतकातल्या रोममध्ये अडकलेला संशोधक नेमकं हेच करतो. त्याला तोफेची दारू काही जमत नाही. पण तो एका सावकाराला जमाखर्चाची दुहेरी नोंद शिकवतो, त्या बदल्यात कर्ज मिळवतो, आणि तिथून त्याचं बस्तान बसतं. पानिपतच्या जवानांना हे सहज जमेल. शौचाच्या चराची जागा विहिरींपासून लांब आखणं, पाणी उकळून पिणं, जखम उकळलेल्या फडक्यानं बांधणं, हे प्रत्येक रिक्रुटाला पहिल्या महिन्यात शिकवतात. अडीच महिने एकाच जागी बसलेल्या लाखाच्या छावणीत त्यानं किती जीव वाचतील, ह्याची कल्पना करा. आणि आपली दहा पिंपं डिझेल त्यांनी पिठासाठी जाळू नयेत. ती एका रात्रीसाठी राखावीत, गोविंदपंतांपर्यंत पोचून त्यांना आडबाजूला काढण्यासाठी.

मग पानिपत जिंकलं जाईल का? मला सांगता येत नाही, आणि ते कादंबरीकारानं मनाशी ठरवूनही बसू नये. मार्क ट्वेननं १८८९ साली हत्यारांच्या कारखान्यातला एक अमेरिकन राजा आर्थरच्या दरबारात पाठवला. शेवटी विजेच्या तारा आणि गॅटलिंग तोफा लावून तो आणि त्याची पोरं पंचवीस हजार सरदार मारतात. लढाई जिंकलेली असते. पण ते प्रेतांच्या वेढ्यात अडकतात, आणि कुजलेल्या हवेनं त्यांच्यातलेच एकेक जण आजारी पडू लागतात. नातवाच्या गोष्टीतली दुपार वाचताना मला तेच आठवत होतं. मशीनगनपुढे पडलेले ते रोहिले, ते अफगाण, त्यांनीही त्या सकाळी काहीतरी खाल्लं असेल. ते कुणीतरी त्यांना पोचवलं असेल.

लढाईनंतरची एक गोष्ट मात्र मी त्याला मुद्दाम सांगितली. वाचलेली माणसं, त्यात बायका-मुलंही होती, अंगावरच्या फाटक्या कपड्यांनिशी दक्षिणेकडे निघाली. भरतपूरच्या सूरजमल जाटानं त्यांना आसरा दिला. त्याचं आणि भाऊसाहेबांचं आधी बिनसलं होतं, तो लढाईआधीच निघून गेला होता. तरी त्यानं आणि त्याच्या राणीनं त्या लोकांना अन्न दिलं, वस्त्रं दिली, जखमा बांधल्या, वाटखर्च देऊन पुढे लावून दिलं. महाराष्ट्रात जे परत पोचले त्यांतले कितीतरी ह्या पिठावर पोचले. आपल्या शाळेत विश्वासराव प्रत्येक पोराला ठाऊक असतात. सूरजमलाचं हे पीठ किती जणांना ठाऊक आहे?

नातू पुण्याला परत गेला. गेल्या आठवड्यात रात्री साडेदहाला त्याचा फोन. मला वाटलं पैसे संपले. म्हणाला, "आबा, गोष्ट पहिल्यापासून लिहितोय. आता पस्तीस नाहीत, सहाच जण आहेत, आणि त्यातला एक नालबंद आहे. मला सांगा, लादणीच्या बैलाच्या एका खुराला पत्र्या किती लागतात, आणि त्या किती दिवस टिकतात?"

बैलाचा खूर दुभंगलेला, त्याला दोन पत्र्या लागतात, एवढं मला माहीत होतं. लादणीच्या बैलाच्या किती दिवस टिकतात ते नव्हतं. माझा जन्म खेचरांच्या नालांत गेला. ट्रॅक्टर आल्यापासून आमच्या भागात पत्री मारणारे दोनच म्हातारे उरलेत, त्यातला एक रविवारच्या बाजारात चिंचेखाली बसतो. मी त्याला सांगितलं, रविवारी जाऊन विचारतो, तोवर तू सहा जणांच्या शिध्याची यादी कर, आणि काडेपेटी विसरू नकोस.